भिंत किती उंच होती?

मागच्या अंकात जो सॅकोच्या ‘फूटनोट्स इन गाझा’ या पुस्तकावर मी दोन पानं लिहिली होती. गाझा पट्टीतल्या खान युनिस आणि रफा इथे नोव्हेंबर १९५६ मध्ये इस्रायली सैनिकांच्या हातून मारल्या गेलेल्या माणसांचा माग काढणारं हे कॉमिक्स. एवढा गंभीर विषय आणि कॉमिक्स, म्हणून काही वाचक रागावले. काहींनी पुस्तक मिळवून वाचायलाच घेतलं. पत्रं बरीच आली, तेव्हा या महिन्याचं सदर सगळं त्यांनाच देतो. पत्रं जागेपुरती कातरली आहेत. राग मात्र कातरलेला नाही.

प्रश्न : हा सॅको मूळचा पत्रकार की चित्रकार? आणि तुम्ही त्याला ‘पर्यायी कॉमिक्स’मधला म्हणता, ते नेमकं कशाला पर्याय? (निवृत्त ग्रंथपाल)

शिक्षणाने पत्रकार, हाताने व्यंगचित्रकार. जन्म १९६० चा, माल्टा बेटावरचा. लहानपण ऑस्ट्रेलियात गेलं, मग कुटुंब अमेरिकेत आलं. ओरेगन विद्यापीठातून १९८१ मध्ये त्याने पत्रकारितेची पदवी घेतली आणि मग ज्या नोकऱ्या मिळाल्या त्यांत त्याचा जीव रमेना. त्यातली एक नोटरींच्या संघटनेच्या मासिकातली होती. दस्तऐवजांवर शिक्के मारणाऱ्यांच्या बातम्या! वैतागून तो माल्टाला परतला आणि तिथे माल्टीज भाषेत चक्क प्रेमकथांची कॉमिक्स काढू लागला. त्यातल्या एका कथेतली मुलगी गर्भपातासाठी नेदरलँड्सला जाते. त्या काळी घटस्फोटालाही कायद्याने परवानगी नसलेल्या त्या कॅथलिक देशात हे छापून आलं, कारण कॉमिक्समध्ये काय असायला हवं याची तिथे कुणाला कल्पनाच नव्हती. एखाद्या गोष्टीला प्रतिष्ठा नसली की तिच्यावर पहाराही नसतो. हा फायदा सॅकोने पुढेही भरपूर घेतला.

पर्याय कशाला, तर अमेरिकेतल्या महानायकांच्या मासिकांना. तिथे काम वाटून चालायचं. एकाने कथा लिहायची, दुसऱ्याने पेन्सिलने चित्र काढायचं, तिसऱ्याने त्यावर शाई फिरवायची, चौथ्याने फुग्यांतली अक्षरं घालायची. आणि पात्र या चौघांपैकी कुणाच्याच मालकीचं नाही, ते कंपनीचं. साठ-सत्तरच्या दशकांत ‘भूमिगत’ म्हणजे मुख्य बाजाराबाहेर राहून छापणाऱ्या कॉमिक्सवाल्यांनी ही चाकोरी मोडली. ऐंशीच्या दशकात त्यांच्यामागून आलेल्या पिढीने त्याचा पंथ केला : लिहिणारा, काढणारा, अक्षरं घालणारा माणूस एकच, हक्क त्याचे, छपाई बहुधा काळी-पांढरी कारण रंगाला पैसे नाहीत, आणि विषय कुठलाही. सिअॅटलच्या फँटाग्राफिक्ससारखे छोटे प्रकाशक या पिढीच्या पाठीशी होते. सॅको त्यांच्या ‘कॉमिक्स जर्नल’ या नियतकालिकात नोकरीला होता आणि त्याचं स्वतःचं ‘याहू’ नावाचं कॉमिक्सही १९८८ पासून त्यांनीच काढलं. (इंटरनेटवाली कंपनी नंतरची, तिचा संबंध नाही.) त्या अंकांत सगळा मिसळीचा कारभार होता. एका रॉक बँडबरोबर युरोपात केलेली भटकंती होती, आणि दुसऱ्या महायुद्धात माल्टावर बॉम्ब पडत असताना त्याच्या आईने काढलेल्या दिवसांची हकीकतही होती. पुढच्या सॅकोचं बी या दुसऱ्या कथेत आहे. साक्षीदार समोर बसलेला, घटना पन्नास वर्षांपूर्वीची, आणि मुलगा कागद घेऊन विचारतोय.

१९९१ च्या अखेरीस तो वेस्ट बँक आणि गाझात गेला. कुठल्याही वर्तमानपत्राने त्याला पाठवलं नव्हतं. परत येऊन त्याने ‘पॅलेस्टाइन’चे नऊ अंक १९९३ ते १९९५ या काळात काढले. खप अगदी बेताचा. १९९६ मध्ये त्याला अमेरिकन बुक अवॉर्ड मिळालं, आणि २००१ मध्ये सगळे अंक एकत्र निघाले तेव्हा प्रस्तावना पॅलेस्टिनी-अमेरिकन विचारवंत एडवर्ड सैद यांनी लिहिली. मग लोकांना ते दिसलं.

प्रश्न : मी पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षाला आहे. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. घटनेचा व्हिडिओ मिळत असताना ती हाताने काढणं हा हौशीचा मामला नाही का? आणि चित्र म्हणजे शेवटी कल्पनाच ना? मग ती बातमी कशी? (विद्यार्थिनी)

तुमचा प्रश्न या सगळ्या पत्रांत मला जास्त आवडला, म्हणून त्याला जागाही जास्त देतो.

आधी एक साधी गोष्ट. रफामध्ये १९५६ साली जे घडलं तिथे कुणाचा कॅमेरा नव्हता. होती ती त्या दिवशी तरुण असलेली आणि सॅको भेटला तेव्हा म्हातारी झालेली माणसं. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात आकडे आहेत : खान युनिसमध्ये ३ नोव्हेंबरला २७५ मृत, रफात १२ नोव्हेंबरला १११. त्यापलीकडे इंग्रजीत फार काही नव्हतं. सॅको २००१ मध्ये एका मासिकासाठी क्रिस हेजेस या पत्रकाराबरोबर गाझात गेला होता. त्या लेखातला खान युनिसच्या १९५६ चा मजकूर छापताना गाळला गेला. ते त्याच्या मनात राहिलं आणि तो परत गेला. त्यातून चारशेहून अधिक पानांचं पुस्तक झालं, २००९ मध्ये.

आता तुमच्या मुद्द्याकडे. मी काही वर्षं एका दैनिकात बातम्यांसाठी चित्रं काढली. जिथे फोटोग्राफर पोचला नाही, किंवा कोर्टासारखं जिथे त्याला जाऊ देत नाहीत, तिथलं चित्र माझ्याकडे यायचं. बातमीदार कॉपी आणून द्यायचा : ‘संतप्त जमाव कार्यालयावर चालून गेला.’ वाक्य छापायला उत्तम. मी पेन्सिल घेऊन बसलो की लक्षात यायचं, या वाक्यात चित्र काढण्यासारखं काहीच नाही. जमाव म्हणजे किती? बायका होत्या? पुढे होत्या की मागे? हातात काय होतं? कार्यालयाला फाटक आहे? पायऱ्या आहेत? मी फोन करून विचारलं की बातमीदार आधी चिडायचा, मग गप्प व्हायचा, कारण त्यालाही ठाऊक नसायचं. कधी कधी तो पुन्हा जाऊन बघून यायचा आणि येताना वेगळीच बातमी घेऊन यायचा.

सॅकोने याचीच पद्धत केली आहे. लिहिणाऱ्याला ‘रफातल्या पुरुषांना शाळेत नेलं’ एवढं पुरतं. काढणाऱ्याला पुरत नाही. शाळेची भिंत किती उंच होती? काटेरी तार होती का? फाटकातून एकेक जण आत जात होता की घोळका? सैनिक कुठल्या बाजूला उभा होता? हातातली काठी केवढी होती? मार डोक्यावर बसला की पाठीवर? मग तुम्ही वाकलात की पळालात? कुठे बसवलं, मांडी घालून की उकिडवं? रफाच्या त्या शाळेच्या फाटकाची पानं काढून बघा. एकच फाटक, तेच दंडुके, आणि सांगणारे चेहरे एकामागून एक. प्रत्येक जण आपापल्या आठवणीतलं फाटक सांगतो आणि सॅको ती सगळी फाटकं एकावर एक ठेवून पाहतो. जिथे जुळतात तिथे रेघ पक्की होते. १९५० च्या दशकातली निर्वासितांची वस्ती कशी दिसायची, घरं कशी होती, रस्ते किती रुंद, यासाठी त्याने संयुक्त राष्ट्रांच्या मदत संस्थेच्या संग्रहातले जुने फोटो धुंडाळले.

आणि जिथे जुळत नाही तिथे? पुस्तकात एक वृद्ध आपले भाऊ कसे मारले गेले ते सांगतो. आपण तिथेच होतो, म्हणतो. कुटुंबातले इतर म्हणतात, तो तिथे नव्हताच. सॅको हे दोन्ही आपल्यासमोर ठेवतो. स्मृती कुठे कुठे दगा देते हे उघड करून दाखवतो आणि तरी मूळ घटना उभी राहते. ‘चित्र म्हणजे कल्पना’ हे खरंच आहे, विद्यार्थिनीबाई, आणि सॅको ते लपवत नाही. रेघ पाहताक्षणी कळतं की हे कुणीतरी काढलंय. व्हिडिओ पाहताना हे विसरायला होतं. कॅमेरा कुठे ठेवला, कधी चालू केला, कधी बंद केला, हेही माणसानेच ठरवलेलं असतं. फक्त तो माणूस दिसत नाही.

चित्राची आणखी एक ताकद म्हणजे वेळ. ‘पॅलेस्टाइन’मध्ये इस्रायली कोठडीतल्या एका पॅलेस्टिनी कैद्याचं प्रकरण आहे. डोक्यावर गोणपाट, हात बांधलेले, झोप नाही, दिवस सरत नाहीत. सुरुवातीला पानावर मोजक्या, मोठ्या चौकटी आहेत. जसजसे दिवस जातात तसतशा चौकटी लहान होत जातात आणि त्यांची संख्या वाढते. शेवटी पान म्हणजे बारीक खणांची जाळी होते आणि प्रत्येक खणात तोच माणूस, तसाच बसलेला. वाचताना श्वास कोंडतो. मग त्याला सोडून देतात आणि तो भर रस्त्यात येतो, जिथे लोक आपापल्या कामाला निघालेत. हे करायला त्याने एक विशेषणही खर्च केलेलं नाही.

प्रश्न : ‘पॅलेस्टाइन’ वाचायला घेतलं आणि तिसाव्या पानाला सोडलं. चेहरे विद्रूप, ओठ लोंबणारे, दात बाहेर, मजकुराच्या पट्ट्या तिरक्या-तारक्या पानभर पसरलेल्या. दुःखी लोकांची अशी अर्कचित्रं काढणं मला अपमानास्पद वाटलं. (चित्रकला शिक्षक)

तुमची तक्रार पुष्कळांची होती. ती सॅकोच्याही कानावर गेली असणार, कारण त्याची रेघ बदलत गेली ती याच दिशेने. तिसाव्या पानाला सोडलंत हे वाईट झालं. त्याच पुस्तकात पुढे ती बदलताना दिसते.

तो चित्रकला कुठे शिकलेला नाही. हात तयार झाला तो रॉबर्ट क्रंबसारख्या भूमिगत कॉमिक्सवाल्यांच्या वळणावर : माणसं रबरासारखी, डोळे बटबटीत, कोन मुद्दाम वेडेवाकडे. विनोदासाठी हे छान. सुरुवातीच्या प्रकरणांत कैरोच्या गर्दीचं पान बघा. कान किटल्यासारखं होतं, आणि ते तसंच व्हायला हवं. पण निर्वासितांच्या छावणीत पोचल्यावर त्याच हाताने तिथला म्हातारा काढायचा म्हटल्यावर त्याला स्वतःलाच खटकू लागलं. मग त्याने प्रयत्नपूर्वक वास्तवाकडे हात वळवला. गाझातल्या जबालिया छावणीचं पानभर पसरलेलं दृश्य बघा. वरून पाहिलेली वस्ती, चिखल, पत्र्याची छपरं, छपरं उडू नयेत म्हणून ठेवलेली वजनं, पाण्याच्या डबक्यांतून वाट काढणारी मुलं. तिथे विनोद कुठे राहिलाय? ब्रूगेल हा सोळाव्या शतकातला फ्लेमिश चित्रकार त्याला फार जवळचा, असं तो सांगतो. ते अशा दृश्यांत कळतं. शंभर माणसं काढायची आणि प्रत्येकाला आपापलं काम द्यायचं.

छायेसाठी तो आडव्या-उभ्या रेघांची जाळी विणतो. शाईचा सपाट काळा भाग तसा कमीच. तुम्ही शिक्षक आहात, तुम्हाला सांगायला नको की या जाळीने पान किती पटकन मळकट होतं. त्याचं होत नाही, कारण तो पोत बदलतो. पत्र्यावर रेघ वेगळी, लोकरीवर वेगळी, ओल्या मातीवर वेगळी. एका पानाला काही दिवस लागतात आणि एका पुस्तकाला वर्षं. ‘फूटनोट्स’मध्ये १९५६ च्या पानांसमोर २००३ ची पानं येतात, तीच गल्ली, आता सिमेंटची. ती तुलना फक्त या पोतावर चालते.

तिरक्या पट्ट्यांविषयी माझं मत तुमच्यापेक्षा वेगळं आहे. तो निवेदनाचे तुकडे करून ते पानावर पेरतो, म्हणजे तुमचा डोळा ठेचकाळत चालतो. अनोळखी गर्दीत कुणीतरी बाही ओढतंय, दुसरा कुणीतरी चहाला बोलावतोय, असं. २००० मध्ये आलेल्या ‘सेफ एरिया गोराझ्दे’मध्ये हे सगळं शांत झालंय. बोस्नियातलं हे गाव युद्धात वेढलं गेलं होतं. संयुक्त राष्ट्रांनी १९९३ मध्ये त्याला ‘सुरक्षित क्षेत्र’ जाहीर केलं. तशीच घोषणा झालेली स्रेब्रेनित्सा आणि झेपा ही ठिकाणं जुलै १९९५ मध्ये पडली. गोराझ्दे वाचलं. या पुस्तकात युद्धाच्या आठवणींची पानं काळ्या कडांची आहेत, वर्तमानाची पांढऱ्या. पुस्तक मिटलेलं असतानाही पानांच्या बाजूने पाहिलंत तर भूतकाळाचे काळे पट्टे दिसतात. आणि चेहरे? एकाचंही अर्कचित्र नाही. गावातल्या मुली त्याच्याकडे बाहेरून अस्सल लिव्हाइसच्या जीन्स आणून द्यायचा लकडा लावतात, आणि त्या तुमच्या शाळेतल्या मुलींसारख्याच दिसतात.

माझा सल्ला : ‘गोराझ्दे’पासून सुरुवात करा, मग मागे या.

प्रश्न : प्रत्येक पुस्तकात हा स्वतःला का काढतो? जाड ओठ, गोल चष्मा, चष्म्यामागे डोळेच नाहीत. इतरांचे चेहरे खरे आणि स्वतःचं मात्र कार्टून. ही एक प्रकारची आत्मप्रौढी नव्हे का? (एक वाचक)

आत्मप्रौढी असती तर जरा बरा काढला असता.

तो पानावर असतो कारण तो खोलीत होता. बाहेरून आलेला माणूस समोर बसला की सांगणारा वेगळं सांगतो. पाहुण्याला चहा येतो, शेजारी जमतात, कुणीतरी जखम दाखवायला शर्ट वर करतो. लेखी बातमीत हा पाहुणा पुसला जातो आणि वाटतं, माहिती आपोआप आली. सॅको त्याला पुसत नाही, आणि तो देखणाही नसतो. ‘पॅलेस्टाइन’मध्ये दगडफेक सुरू होते आणि त्याच्या मनात पहिल्यांदा काय येतं, तर आपल्या कॉमिक्सला हे बरं झालं! ‘फूटनोट्स’मध्ये म्हातारी माणसं १९५६ सोडून भलत्याच सालात शिरतात तेव्हा तो चुळबुळतो. त्यांच्या घरांवर त्या आठवड्यात बुलडोझर चालतोय आणि याला जुनी तारीख हवी आहे. हे सगळं तो काढतो. ज्यांनी बातमीदारी केली आहे ते हे वाचून हसणार नाहीत.

‘द फिक्सर’ (२००३) हे छोटं पुस्तक तर सगळंच यावर आहे. बोस्नियाची राजधानी सारायेव्होत पैसे घेऊन पत्रकारांना वाटा दाखवणारा, माणसं गाठून देणारा नेव्हन नावाचा गडी. त्याच्या गोष्टींत खरं किती, थाप किती, सॅकोला शेवटपर्यंत नक्की ठरवता येत नाही. तरी पाकिटातून नोटा काढून तो देतच राहतो. परदेशी बातम्यांचा हा बाजार इतक्या स्पष्टपणे मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

डोळे नसलेल्या चष्म्याचं म्हणाल तर त्याला मोठा अर्थ चिकटवला जातो. मला वाटतं, ती आधी विनोदी कॉमिक्समधली सवय होती आणि पुढे उपयोगी पडली. त्याच्या डोळ्यांत भाव दिसला असता तर आपण त्याच्याबरोबर रडलो असतो. तो दिसत नाही, म्हणून आपण समोरच्या माणसाकडे बघतो.

प्रश्न : पॅलेस्टिनींची बाजू, बोस्नियाकांची (बोस्नियातल्या मुसलमानांची) बाजू. हा प्रचार झाला. दुसऱ्या बाजूचं काय? (नाव न छापण्याची विनंती)

तो तटस्थ असल्याचा दावाच करत नाही. २०१२ च्या ‘जर्नलिझम’ या संग्रहाला त्याने छोटी प्रस्तावना लिहिली आहे, तीत हे सरळ मांडलं आहे. प्रामाणिकपणा हवा, अचूकपणा हवा. पण सोसणारा आणि सोसायला लावणारा यांना सारख्या रकान्यात बसवणं म्हणजे न्याय, असं त्याला वाटत नाही. हे मान्य नसेल तर तुमचं त्याच्याशी भांडण आहे आणि ते रास्त भांडण आहे. पण प्रचारकाची एक खूण असते : आपल्या माणसांचे दोष तो झाकतो. सॅकोचे पॅलेस्टिनी आपसांत भांडतात, बढाया मारतात, बायकांनी काय घालावं यावर त्यांचे पुरुष जे बोलतात ते तो जसंच्या तसं देतो. ‘पॅलेस्टाइन’च्या शेवटाकडे तेल अवीवच्या दोन इस्रायली तरुणी त्याला विचारतात की आमची बाजू तू पाहणार आहेस की नाही. त्याचं उत्तर काही फार चमकदार नाही. तेही पुस्तकात आहे.

प्रश्न : भारताविषयी त्याने काही केलंय का? (अभियंता, वाचनाची आवड)

केलंय, आणि दोन्ही कामं उत्तर प्रदेशातली आहेत. ‘जर्नलिझम’मध्ये ‘कुशीनगर’ नावाची दीर्घ चित्रबातमी आहे. विषय मुसहर समाज, दलितांतही तळाशी ढकललेला. शेतातल्या उंदरांची बिळं खणून त्यांनी साठवलेलं धान्य काढणारी माणसं त्यात आहेत. सरकारी योजना कागदावर सगळ्या आहेत. रोजगार हमीची कार्डं आहेत, रेशन आहे. ते मुसहरांच्या दारापर्यंत का पोचत नाही, मधे कोण कोण उभं आहे, हे तो माणसामाणसाने दाखवतो. आपल्याकडच्या वाचकाला यात नवी माहिती कमी मिळेल. पण झोपडीचं आतलं अंग, भांडी किती, अंथरूण कुठलं, हे तो इतक्या निगुतीने काढतो की आपण रोज वाचतो तो ‘वंचित’ हा शब्द फारच स्वस्त वाटायला लागतो.

दुसरं काम ताजं : ‘द वन्स अँड फ्यूचर रायट’, २०२५ मध्ये आलेलं. २०१३ च्या मुझफ्फरनगर दंगलीवर. साठाहून जास्त माणसं मेली, पन्नास हजारांवर बेघर झाली. ठिणगी पडली ती कवाल गावात. तिथे तीन तरुण मारले गेले, एक मुसलमान आणि दोन जाट, आणि आधी काय झालं याच्या दोन्हीकडच्या कहाण्या एकमेकींना भेटतच नाहीत. सॅको हिंसेनंतर काही काळाने तिथे गेला आणि त्याने जाट आणि मुसलमान, गावकरी आणि पुढारी, सगळ्यांशी बोलून या कहाण्या शेजारी शेजारी काढल्या. वरच्या ‘दुसऱ्या बाजूचं काय’ विचारणाऱ्या वाचकांनी हे अवश्य बघावं. शिवाय इथे त्याच्या पद्धतीचा कस लागतो. गाझात साक्षी एकमेकींना आधार देत होत्या, इथे त्या एकमेकींना छेद देतात. खोटी ठरू शकणारी हकीकतही तो तितक्याच बारकाईने काढतो, आणि तेच भयंकर आहे. अफवा काढून दाखवली की ती प्रत्यक्ष घडल्यासारखीच दिसते. दंगलीत लोकांना ती तशीच तर दिसली होती.

प्रश्न : मुलगा अकरा वर्षांचा, कॉमिक्सचा वेडा. वाढदिवसाला द्यावं का? (आई)

नको. पाच-सहा वर्षं थांबा.

प्रश्न : त्याने फक्त युद्धच काढलं का? (महाविद्यालयीन वाचक)

नाही. ‘पेइंग द लँड’ (२०२०) घ्या. कॅनडाच्या वायव्य प्रदेशातल्या डेने या मूळनिवासी लोकांविषयी आहे. तेल-वायूच्या कंपन्या, जमिनीचे करार, आणि मुलांना आईबापांपासून तोडून ठेवणाऱ्या निवासी शाळा. सुरुवातीला जंगलातल्या बालपणाची आठवण येते तिथे त्याने चौकटींच्या कडा काढूनच टाकल्या आहेत. माणसं, नदी, मूस या मोठ्या हरणाच्या कातड्याची होडी बांधणं, सगळं एकमेकांत वाहतं. नंतर सरकार आणि शाळा येतात आणि पानावर कडा येतात. मधला करारांचा भाग मात्र मला जड गेला. नावं आणि तारखा फार, आणि नुसती बोलणारी डोकी पानामागून पान. इथे चित्राला करायला कामच उरत नाही. चित्रबातमीची ही मर्यादा आहे : वाटाघाटी काढता येत नाहीत, वाटाघाटी करणारी माणसं तेवढी काढता येतात.

प्रश्न : इंग्रजी जेमतेम येतं. तरी या माणसाचं काही बघता येईल का? (शेतकरी वाचक)

येईल. ‘द ग्रेट वॉर’, २०१३. यात एकही शब्द नाही. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या सोम नदीकाठी झालेल्या लढाईचा पहिला दिवस, १ जुलै १९१६, एका सलग चित्रात. पुस्तक घडीचं आहे, उघडत गेलं की चोवीस फूट लांब होतं. माजघर लहान असेल तर अंगणात उलगडा, पण वारा नसताना. डावीकडून सुरू करा. तिथे ब्रिटिश सेनापती हेग फेरफटका मारतोय, घोड्यावर रपेट करतोय. मग सामान, तोफा, खंदकांकडे चाललेल्या रांगा. मग रात्र, मग पहाटेचा मारा, मग माणसं खंदकातून वर चढतात. त्या एका दिवसात ब्रिटिशांचे १९ हजारांवर सैनिक मेले, जखमी धरले तर सत्तावन्न हजारांच्या आसपास. उजवीकडे सरकत जाल तसे स्ट्रेचर, जखमींचे तंबू आणि शेवटी खड्डे खणणारी माणसं. त्याने कुणाचाही चेहरा जवळून काढलेला नाही, सगळं लांबून आणि उंचावरून. सोबत टिपांची वेगळी पुस्तिका मिळते, ती इंग्रजीत आहे. ती नंतर कुणाकडून तरी वाचून घ्या. आधी चित्र एकट्याने बघा, आणि चष्मा असेल तर लावून, कारण माणसं फार लहान आहेत.